एर्विनचे चिमटे

माझा पाठचा भाऊ एर्विन सकाळी उठला की आधी पडद्याची कड सरकवून बाहेर बघायचा, मग तोंड धुवायचा. काय बघतोस रे, असं विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. पण बघितलेलं बरं." बाहेर काय असणार? शेजारच्या नोवाकबाईचं मांजर आणि गल्लीतला मळका बर्फ. पण याचं समाधान नाही. मांजर आज कुंपणाच्या या बाजूला का बसलंय, एवढ्यावर त्याची कॉफी गार व्हायची.

तशी त्याची पोटापाण्याची विद्याच तसली होती. अमेरिकेत, आमच्या टोलीडोच्या एका काचकारखान्यात तो उभा जन्म तपासनीस. दिव्यासमोर काच धरायची आणि तिच्यात बुडबुडा शोधायचा, सापडला की खूण करून बाजूला ठेवायची. "बिनबुडबुड्याची काच नसतेच, ओल्गा," तो मला सांगायचा, "नीट न बघितलेली काच असते." कारखान्यात हे शोभायचं, पगारच त्याचा मिळायचा. पण हा बाबा घरी येऊन माणसंही दिव्यासमोर धरायला लागला, त्याला काय करणार?

तेरेझा कोवाच म्हणून एक चांगली मुलगी होती. आमच्यातलीच, हंगेरियन घरातली. साखरपुडा झाला. ही दर गुरुवारी कुठे जाते म्हणून हा शहाणा तिच्या मागे मागे गेला. ती जात होती आमच्याच मावशीकडे, याला आवडतो तो अक्रोडाचा रोल शिकायला. मावशीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर याला उभा बघितला तिनं, पिठाच्या हातानं अंगठी काढली आणि ओट्यावर ठेवून दिली. झालं, संपलं लग्न. मला वाटलं, आता तरी अक्कल येईल. तर मला म्हणतो कसा, "पण गुरुवारीच का जायची?" सांगा आता! कपाळ बडवून घ्यायचं की हसायचं?

असल्या माणसाबरोबर वीस-बावीस वर्षं एका होडीत बसणारा जगात एकच माणूस निघाला, तो म्हणजे माझा नवरा कर्टिस. कर्टिस पोलमन, रेल्वेच्या यार्डात फिटर होता. बोलायला कमी, खायला बरा, आणि डोकं शांत. दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून होडी घेतली, तिला आमच्या आईचं नाव दिलं, पिरोस्का. बर्फ वितळला की दोघं पहाटेच ईरी सरोवरावर, ते थेट थंडी पडेपर्यंत. रविवारी चर्चनंतर दोघं माझ्या टेबलावर, पाप्रिका घातलेलं चिकन आणि पिठाचे गोळे खायला. कर्टिस मला हसून म्हणायचा, "तुझा भाऊ सगळ्या जगावर संशय घेतो, एक माझ्यावर सोडून. मला बढती मिळाल्यासारखं वाटतं."

मी पण हसायचे. पण मनात मला धाकधूक असायचीच. एर्विनला बायको नाही, पोरं नाहीत, कारखान्यातले सोबती याच्या प्रश्नांना कंटाळून कधीच लांब झालेले. त्याला माणसं म्हणून दोनच, मी आणि कर्टिस. उद्या त्या दोघांत बिनसलं तर हा घरात पडद्याआड बसून मरेल, हे मला दिसत होतं. त्याला मात्र दिसत नव्हतं, आणि म्हणे तपासनीस!

बिनसलं ते चिमट्यांवरून. आता चिमटे म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं रामायण त्यांचंच आहे. आमच्याकडे वॉलाय मासा धरायचा तर होडी अगदी सावकाश चालवतात आणि दोन्ही बाजूंना एकेक लाकडी फळी पाण्यात सोडतात. ती फळी पाण्याला अशी तिरकी लागते की होडीपासून लांब लांब पळते, आणि होडीवरच्या खांबापासून तिच्यापर्यंत एक जाड दोरी ताणलेली राहते. त्या दोरीवर चिमटे सरकवायचे. एकेका चिमट्यात एकेका गळाचा तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, अडकवायचा. होडीच्या आवाजाला मासा बुजतो, म्हणून गळ असे लांब न्यायचे. मासा लागला, हिसका बसला, की चिमट्यानं तंगूस सोडून द्यायचा. पुढे मासा आणि माणूस, मधे कुणी नाही.

सगळी कला त्या सोडण्यात. चिमटा ढिला राहिला तर नुसती लाट आली तरी सोडतो, आणि तुम्ही मासा समजून रिकामा गळ गुंडाळत बसता. घट्ट राहिला तर सोडतच नाही. मग मोठ्या माशाचा ओठ फाटून मासा जातो, नाहीतर एखादा बारका गळाला लागून तासन्‌तास फरफटत राहतो आणि होडीत कुणाला पत्ता नाही. आमचे वडील कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवायचे. आता दुकानात स्प्रिंगचे, स्क्रूचे मिळतात, पण अक्कल तीच लागते.

आणि खरं सांगते, भाऊ म्हणून नाही, पण एर्विनचा हात चिमट्यावर असा बसलेला की बघत राहावं. एप्रिलच्या गार पाण्यात मासा आळशी असतो, नुसता ओठ लावतो. तेव्हा तो हलक्या स्प्रिंगचे, मऊ रबराचे चिमटे काढायचा आणि तंगूस रबराच्या अगदी कडेला टेकवायचा. उन्हाळ्यात गळाला खोल बुडणारे खोटे मासे लावले की ते स्वतःच जोरात ओढतात, तिथे जाड स्प्रिंग, आणि तंगूस आत खोल. वारा सुटला की स्क्रू थोडा आवळायचा, पडला की सोडायचा. थंडीत माझ्या स्वयंपाकघरात बसून चिमट्यातून तंगूस ओवायचा, त्याला कप लटकवायचा आणि कपात चमच्या चमच्यानं साखर घालत बसायचा, कुठल्या वजनाला चिमटा सोडतो ते बघायला. माझी किती साखर फरशीवर गेली असेल देव जाणे. होडीची डावी बाजू त्याची, उजवी कर्टिसची. कर्टिसचे चिमटेही आधी एर्विनच लावून द्यायचा. पुढे कर्टिस शिकला, आणि आपले चिमटे होडीतच एका उघड्या बादलीत टाकून द्यायला लागला.

त्या वसंतात ड्वेन फेट्झर नावाचा एक जण बाजूच्या धक्क्यावर नवी होडी घेऊन आला. उंच, गोरा, सारखा हसणारा. त्याचा गुन्हा एवढाच की एकदा तो पिरोस्काशेजारी उभा राहून एर्विनच्या चिमट्यांकडे बघत म्हणाला, "काका, छान ठेवलेत हो."

"छान ठेवलेत म्हणजे?" एर्विन घरी येऊन मला विचारतो.

"म्हणजे छान ठेवलेत. अजून काय?"

"त्याला कसं कळलं छान आहेत ते? हात लावल्याशिवाय कळतं?"

दुसऱ्या दिवशी वारा होता, डाव्या बाजूचा एक तंगूस उगीचच सुटला. वाऱ्यात सुटतोच. पण याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. बाजारात गेला आणि किल्लीची लोखंडी पेटी घेऊन आला. रोज चिमटे कापसात गुंडाळून त्या पेटीत, पेटी घरी, किल्ली दाराआड खिळ्याला. त्याच पेटीत त्यानं बडीशेपेच्या तेलाची बाटलीही ठेवली. खोट्या माशांना तो ते तेल चोपडतो, वासाला मासा येतो म्हणे, आणि ही युक्तीही ड्वेनला कळता कामा नये.

आणि गंमत बघा, पेटी आली आणि डावी बाजू साफ बिघडली. पाणी आरशासारखं, वारा नाही, मासा नाही, आणि चिमटे पटापट सोडतात. याचं डावीकडे सुटतंय, तिकडे उजवीकडे कर्टिस मासे ओढतोय. एर्विननं स्क्रू आवळले. तरी तंगूस निसटतोच. अजून आवळले. तरी तेच.

मग त्यानं माझी नखं रंगवायची लाल बाटली मागून नेली आणि प्रत्येक स्क्रूवर अशी रेघ मारली की स्क्रू कुणी जरा फिरवला तर रेघ तुटेल. बाटली लगेच परत आणून दिली. सकाळी बघतो तर रेघा जागच्या जागी. कुणाही शहाण्या माणसाला वाटेल, चला, कुणी हात लावला नाही. हा संध्याकाळी माझ्या दारात उभा.

"ओल्गा, ती बाटली दाखव."

"कशाला?"

"दाखव तर." बाटली उजेडासमोर धरून बघितली. "यातला रंग कमी झालाय."

"अरे मेल्या, तूच नाही का लावलास!"

"मी एवढा नाही लावला. कुणीतरी स्क्रू फिरवून परत रेघ रंगवलीय. बाटली तुझ्या घरात असते. तुझ्या घरात कोण राहतं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. "तू कर्टिसबद्दल बोलतोयस?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "पण पेटीची किल्ली खिळ्याला असते हे कुणाकुणाला ठाऊक आहे, एवढंच मोजतोय."

मी म्हटलं, "एर्विन, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. तो माणूस तुझ्यासाठी—" पण पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.

त्यानंतर आठवड्याभरात एका सकाळी त्यानं चिमट्याभोवती तंगूस दोन वेढे मारून अडकवला, आता कसा सुटतो बघू म्हणून. सुटला नाही. दुपारपर्यंत डाव्या बाजूला सामसूम. शेवटी गळ गुंडाळून बघतो तर टोकाला तळहाताएवढी पांढरी मासळी, फरफटून फरफटून अगदी धुतलेल्या रुमालासारखी झालेली. इकडे कुठल्याही होडीत असं झालं की लोक पोट धरधरून हसतात आणि त्या माणसाला महिनाभर चिडवतात. कर्टिसही हसला. एर्विन मात्र ती मासळी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही कुणी लावली?"

कर्टिसला वाटलं, थट्टा आहे. "मीच," तो म्हणाला, "पोहत गेलो आणि लावून आलो."

ही थट्टा एर्विननं मनात जपून ठेवली. भरीला आणखी एक झालं. त्याच आठवड्यात शनिवारी कर्टिस धक्क्यावरच्या खानावळीत ड्वेनबरोबर ॲपल पाय खाताना याला दिसला. ड्वेनला मासे धुरात वाळवायची कर्टिसची रीत हवी होती, एवढंच. मीच कर्टिसला म्हटलं होतं, सांगून टाक बिचाऱ्याला. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळं. एर्विनचं गणित तयार. ड्वेनला होडीवर जोडीदार हवा, कर्टिस त्याच्याकडे जाणार, आणि जायच्या आधी एर्विनची डावी बाजू बदनाम करणार, म्हणजे लोक म्हणतील, म्हातारा संपला.

एका संध्याकाळी कर्टिस घरी आला, कोट काढला आणि तसाच खुर्चीत बसून राहिला. जेवायला वाढलं तरी हात लावेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी होडीचं चाक धरून होतो. मागे वळून बघितलं तर एर्विन माझा जेवणाचा डबा उघडून बघत होता. सँडविचचा पाव उचलून आतसुद्धा बघितलं."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. त्यानं डबा बंद केला, मी पुढे बघितलं." मग ताट बाजूला सरकवून म्हणाला, "इतकी वर्षं मी वेगळा होतो ना, ओल्गा. मला वाटायचं."

मला इतकी चीड आली की मी तशीच शाल ओढून एर्विनकडे गेले. "तुला लाज नाही वाटत? त्याच्या डब्यात काय शोधत होतास, स्क्रू?"

"स्क्रू फिरवायचं पातं," तो शांतपणे म्हणाला. "लहानसं, चपटं."

"सापडलं?"

"नाही. म्हणजे खिशात असेल."

"एर्विन, त्याला सरळ तोंडावर विचार आणि मोकळा हो!"

"विचारून काय होतं? माणूस 'नाही'च म्हणतो. चोर कधी 'हो' म्हणालाय? विचारायची पण एक पद्धत असते." तेव्हा मला त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला स्पर्धेच्या दिवशी. आमच्या क्लबची वसंतातली वॉलायची स्पर्धा मोठी असते. मागे कुठे कुठे लोकांनी माशांच्या पोटात वजनं कोंबून बक्षिसं नेली म्हणे, तेव्हापासून इकडे रीतच पडली आहे की पहिल्या तीन नंबरांच्या होडीवाल्यांनी बक्षीस घ्यायच्या आधी खोटं पकडायच्या यंत्राला बसायचं. छातीला पट्टा, बोटांना वायरी, आणि ट्वीडी म्हणून शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेला एक गंभीर माणूस प्रश्न विचारतो. मासे आजच धरलेत का, पोटात काही घातलंय का, असलेच. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. जिंकलं की यंत्र, यंत्र झालं की बिअर.

त्या दिवशी पिरोस्काचा तिसरा नंबर आला. सगळेच्या सगळे मासे उजव्या बाजूचे, कर्टिसचे. डावीकडे एर्विन दिवसभर रिकामे गळ गुंडाळत होता. धक्क्यावरच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण चाललं होतं, मी कोबीची कोशिंबीर वाढत होते. लोक कर्टिसच्या पाठीवर थापा मारत होते आणि एर्विन कोपऱ्यात पेटी बगलेत धरून उभा. आधी त्याचं बोलावणं आलं. खिसे रिकामे करून आत जायचं असतं. तो माझ्याकडे आला, पेटी आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

"कुणाकडे देऊ नकोस. उघडू नकोस. तुझ्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही."

"कर्टिस इथेच उभा आहे, एर्विन."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला आणि आत गेला.

मी पेटी मांडीवर घेऊन बसले आणि मला बडीशेपेचा वास आला. थोडाथोडका नाही, आमच्या आजीच्या लिकरच्या कपाटासारखा. बाई मी, उघडू नको म्हटल्यावर उघडणारच. आत बघते तर तेलाच्या बाटलीचं बूच तडकलेलं, आणि चिमट्यांभोवतीचा कापूस तेलानं थबथबलेला. एक चिमटा उचलला. रबरावर बोट फिरवलं तर बोट सटकन घसरलं. एप्रनचा दोरा रबरात धरून ओढला, लोण्यातून सुरी जावी तसा बाहेर. मी उठून स्वयंपाकघरात गेले, भांडी घासायच्या साबणानं तो एक चिमटा खसखसून धुतला, पुसला, पुन्हा दोरा धरला. असा घट्ट धरला त्यानं दोरा की एप्रनच ओढला गेला!

अगं बाई, म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! ड्वेन नाही, कर्टिस नाही, याच्या कुलपानंच घात केला. बादलीत उघडे पडलेले कर्टिसचे चिमटे ठणठणीत, आणि याचे जपून जपून तेलात मुरलेले. मला खरंच हसू आलं, आणि इतकं हलकं वाटलं. आता दाखवते, म्हटलं, लाजेल, डोकं खाजवेल, आणि उद्याच्या रविवारी दोघं जेवायला येतील.

बाहेर येते तर एर्विन परत आलेला, कर्टिस आत गेलेला. आणि ट्वीडीसाहेब हातात कागद घेऊन दारात उभे.

"मिस्टर हार्शानी," ते एर्विनला हळू आवाजात म्हणाले, "हा शेवटचा प्रश्न तुम्ही घालायला सांगितलाय, तो स्पर्धेतला नाही. 'तू एर्विनच्या चिमट्यांशी कधी छेडछाड केलीस का?' आमच्या नियमाप्रमाणे मी सगळे प्रश्न वायरी लावायच्या आधी वाचून दाखवतो. तुमच्या मेहुण्यांना वाचून दाखवला. ते नुसते 'विचारा' म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला एकदा पुन्हा विचारून घ्यावं. काढू का?"

मी एर्विनचा दंड धरला. "काढा म्हण. आत्ताच्या आत्ता काढा म्हण! हे बघ, हे तेल बघ. बूच तडकलंय. रबरं तेलकट झालीत, म्हणून सुटतंय सगळं. हा एक मी धुतला, बघ, ओढून बघ!"

त्यानं चिमटा घेतला. दोरा ओढून बघितला. न धुतलेला दुसरा घेतला, तोही बघितला. हात त्याचेच, शहाणे, त्यांना लगेच कळलं. क्षणभर त्याचा चेहरा इतका मऊ झाला की मला वाटलं, जिंकले. मग त्यानं बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. तडकलेलं बूच फिरवून फिरवून बघत राहिला.

"हे आपोआप तडकत नाही," तो म्हणाला. "हे कुणी तडकवलं?"

"एर्विन!"

"साहेब," तो ट्वीडींना म्हणाला, "प्रश्न राहू द्या. आणि तेलाचंही विचारा."

ट्वीडींनी माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी एर्विनला बोलायचं ते सगळं बोलले. गाढव म्हटलं, कृतघ्न म्हटलं, तेरेझाचं नाव काढलं, आईची शपथ घातली. तो ऐकून घेत होता, पण डोळे दारावर. भिंतीपलीकडे माझा नवरा छातीला पट्टा बांधून, बोटांना वायरी लावून बसला होता आणि एका परक्या माणसाला सांगत होता की मी माझ्या मेहुण्याचा वैरी नाही.

दार उघडलं. ट्वीडी म्हणाले, "दोघंही पास. सगळ्या प्रश्नांना." आणि शेवटचं त्यांनी मुद्दाम एर्विनकडे बघून म्हटलं, "अगदी सगळ्या."

एर्विनचा जीव भांड्यात पडला. मी बघितलंय, खोटं नाही सांगत. त्याचे खांदे खाली आले, डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही हात पुढे करून तो कर्टिसकडे गेला. "झालं! सुटलो बाबा! आता माझ्या मनात काही नाही, कर्टिस. अगदी काही नाही. रबरं आज धुतो, बाटली फेकून देतो. उद्या पहाटे पाचला निघू, चालेल?"

कर्टिस शर्टाची बटणं लावत होता. बोटांवर वायरींचे वळ होते. तो एर्विनकडे रागानं बघत नव्हता, तेच वाईट. दमलेला दिसत होता.

"नाही, एर्विन," तो म्हणाला.

"मग सहाला?"

"मी आता नाही येणार होडीवर. माझ्या गळाच्या काठ्या मी सोमवारी घेऊन जाईन. होडी तू ठेव."

"पण तू पास झालास!" एर्विन खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "यंत्रानं सांगितलं ना! मी मानलं ना आता!"

"हो," कर्टिस म्हणाला. "यंत्राचं मानलंस." आणि कोट उचलून तो गाडीकडे चालायला लागला. बक्षिसाचा कप टेबलावर तसाच राहिला.

एर्विन जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते काच तपासताना यायचे तसे भाव हळूहळू परत येताना मी बघत होते.

"ओल्गा," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "इतक्या चटकन कसा गेला? निर्दोष माणूस इतक्या चटकन जातो? ड्वेनचं काहीतरी आधीच ठरलेलं असणार. तो आता तिकडेच जाणार बघ."

"तो घरी जाणार आहे," मी म्हटलं. "माझ्याबरोबर. आणि उद्या रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ नकोस."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी त्याला कधी असं म्हटलं नव्हतं. पेटी आणि किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या, एप्रन काढला आणि गाडीत जाऊन बसले. कर्टिसनं गाडी चालू केली, मला रडू आवरेना. गाडी फाटकातून बाहेर पडताना मी आरशात बघितलं. एर्विन पेटी बगलेत धरून रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता, आमची गाडी घराकडे वळते की ड्वेनच्या धक्क्याकडे, ते बघत.